दोन खुणांच्या मधे

उद्यमनगरात, लेथच्या दुकानांमागच्या बोळात
इलाही मिस्त्रीनं गाडीचं बॉनेट उघडलं
आणि आधी मलाच विचारलं,
"ताई, तुमी ह्ये शेवटचं कवा उघडलंतं?"
मी म्हटलं, आपण उघडायचं असतं?
स्टुलावरचा पोरगा फिस्सकन हसला.
मिस्त्री हसला नाही.

गाडी राखाडी, तिसऱ्या हातची.
रोज गारगोटीला जाते, येते.
तिथल्या पतपेढीत मी काचेआडून लोकांना सांगते,
हप्ता चुकवू नका, व्याज झोपत नसतं.

त्यानं दांडी ओढली, चिंधीनं पुसली,
परत घातली, परत ओढली.
"ह्या दोन खुणा. त्याल ह्यांच्या मधी पायजे.
बघायचं सकाळी, गार इंजिनावर, सपाट जाग्याला.
कमी पडलं तर इंजिन खातंय,
आन जास्त वतलं म्हंजे लई माया क्येली, असं न्हवं."

मग मी पावतीच्या पाठीवर लिहीत गेले.
तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही
(इथं त्यानं मनगट पुढं केलं, वितळून थिजल्यासारखी कातडी).
बॅटरीच्या टोकांना पांढरा बुरा चढला
की गरम पाणी, कोरडा फडका, वर बोटभर व्हॅसलीन.
क्लचवर पाय टाकून बसायचं नाही,
"त्यो काय पाट हाय व्हय?"
स्टेपनीत हवा.
"चार चाकांची समदी बघत्यात, पाचवं उपाशी मरतं."
गगनबावड्याचा घाट दुसऱ्या गिअरात उतरायचा.
ब्रेक तापला की केस जळल्यागत वास येतो,
तेव्हा थांबायचं, पाणी मारायचं नाही, नुसतं थांबायचं.
आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी
"चालू हुती का बघू तरी" म्हणून चावी फिरवायची नाही.
टोचन लावून आणायची.
"लोकं बघत्यात. आन बघता बघता इंजिन जातंय."

पावती संपली.
"आन आवाज ऐकायचा. रोज एक किलोमीटर, गाणी बंद करून."
कसला आवाज?
"रोजचा. रोजचा ठावा असला की आजचा कळतो."

गाडी चालू केली.
त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला,
मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटले.
बराच वेळ.
मग मूठ काढून दातांत धरली.
पोरगा आता माझ्याकडं बघत नव्हता.

"कसा येतोय?" मिस्त्रीनं विचारलं.
मला वाटलं, परीक्षा घेतोय.
दोन खोल्या पलीकडं शिलाईयंत्र चालावं तसा,
मी म्हणाले, बारीक, टकटकटक.
"गार असताना जास्ती?"
हो.
"रेस दिल्यावर?"
मिसळून जातो. सापडत नाही.
"टॅपेट," तो म्हणाला, आणि पान्यांच्या डब्याकडं वळला,
न बघता हात बरोबर दहाच्या पान्यावर.

गल्लीच्या तोंडाशी पोरगा गाडी वळवून द्यायला आला.
काचेत वाकून हळूच म्हणाला,
चाळीस वर्षं ग्राइंडरच्या शेजारी काढली चाच्यांनी.
बारीक आवाज येतच न्हाईत आता.
गिऱ्हाइकाला इचारत्यात, आन हातानं वळखत्यात.
कुणाला सांगू नका.

कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी साने गुरुजी वसाहतीत
आमच्या गेटसमोर मी बॉनेट उघडून उभी.
हातात जुन्या परकराची चिंधी, कोपराला काळं.
समोरच्या घाटगे काकू दुधाची पिशवी घेऊन थांबल्या.
"बंद पडली व्हय गं?"
नाही काकू. बघतेय.
"काय?"

दांडी उन्हात तिरकी धरली.
तेल दोन खुणांच्या मधे होतं,
वरच्या खुणेपासून गव्हाच्या दाण्याएवढं खाली.
पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा
त्याला हे मोठ्यानं सांगायचं,
आणि आवाज कसा येतोय, तेही.