दुष्फेन

हिचिनच्या नळाला खडूच्या टेकड्यांचं पाणी.
किटलीच्या तळाशी पापुद्रे,
चहावर तवंग, साय नव्हे,
तूरडाळ शिट्ट्या मोजून थकते.
सातवीत एक शब्द पाठ केला होता: दुष्फेन.
मार्क तेव्हाच मिळाले,
अर्थ इथे, सिंकपाशी.

वसुधाआत्याचं पेन महिनाभर धुतेय.
निबेच्या फटीत पांढरी रेघ,
मागच्या दातांत जांभळी शाई अडलेली.
जितकं धुवावं तितका नळ
स्वतःचंच काही ठेवून जातो.

श्रीरंग म्हणाला, त्या यंत्रातलं बघ ना.
जिन्याखाली घरघरत असतं,
घरातली दमट हवा ओढत.
टाकी काठोकाठ:
रेडिएटरवरच्या मोज्यांचं, भाताच्या वाफेचं,
पाठीला पाठ लावून
रात्रभर सोडलेल्या श्वासांचं पाणी.
खडू कणभरही नाही.

बशीत ओतलं, निब ठेवली.
जांभळं हळूच सुटलं, धुरासारखं.
आत्याचं कुठलं पत्र अर्धं राहिलं होतं
कुणाला ठाऊक.

सकाळी बशी कोरडी.
पांढरं काही नाही, जांभळा डाग तेवढा.
पाकिटाच्या मागे यादी केली:
डाळ, व्हिनेगर, दिव्याचे बल्ब,
आणि खाली, उगाच, श्रीरंगचं नाव.
‘ग’ला शाई फिकी पडली.
पण उमटला.