लिफ्ट बंद आहे

आमच्या इमारतीचा ग्रुप निघाला तो लिफ्टपायी.
नऊ मजले, बहात्तर घरं, आणि ग्रोद्नोच्या थंडीत
पाचव्या-सहाव्याच्या मध्ये महिनाभर लटकलेला लोखंडी डबा.
यादविगाबाईंनी, गणिताच्या निवृत्त मास्तरीण त्या,
पहिली ओळ लिहिली:
लिफ्ट बंद आहे. तक्रार कुणी केली का?
कुणीच केली नव्हती.
प्रत्येकाला वाटलेलं, दुसऱ्यानं केली असेल.

तोवर शेजारी म्हणजे मला
भिंतीपलीकडचा खोकला,
दाराच्या भिंगातून दिसणारी वाकडी पाठ.

उन्हाळ्यात निवडणूक झाली.
शाळेच्या दारावर चिकटवलेल्या निकालाचा
यादविगाबाईंनी फोटो टाकला, खाली एवढंच:
तीनदा केली. बेरीज जुळत नाही.

मग जे सुरू झालं ते रात्री दोनपर्यंत.
इथे फक्त लिफ्टचं बोला, म्हणणारे होते.
तिसऱ्या मजल्यावरच्या रिहोरनं शिवी हासडली,
पुसली,
माफी मागितली,
आणि पुन्हा तीच हासडली.
कुणी आकडे मांडले, कुणी अफवा,
कुणी मध्येच विचारलं, पाणी आलंय का.
मी काही लिहिलं नाही.
पण वाचत राहिले, आणि अंधारात
भिंतीपलीकडचा खोकलाही जागाच होता.

शनिवारी कुणीतरी लिहिलं: खाली येता का? चहा आणते.
गेलो. थर्मास, मिठातल्या काकड्या, ओशाळं हसू.
मांजराच्या चित्रामागून इतके दिवस भांडणारी व्यक्ती
दाराएवढा उंच वेल्डर निघाली,
नाव स्तास, आवाज मात्र मांजराचाच.
अकरा वर्षं एकाच जिन्यानं चढत होतो आम्ही.

मग ते आले. पहाटे, मोजके, नेमके.
रिहोरचं दार. स्तासचं दार.
त्यांच्या हातात कागदावर छापलेली आमची बोलणी होती,
शिव्यांसकट, पुसलेल्यांसकट.
ग्रुपात सत्त्याऐंशी माणसं होती.
त्यातलं एक कोण, अजून कळलेलं नाही.
आम्ही सगळे अजून एकमेकांना
सुप्रभात म्हणतो.

ग्रुप पुसला. फोन धुतल्या ताटासारखे लख्ख.
पण स्तासच्या आईच्या दाराशी
बटाट्याची पिशवी येत राहिली. कोण ठेवतं,
विचारायचं नाही, एवढं मात्र ठरलं,
कुठेही न लिहिता.

महिन्यांनी नवा ग्रुप निघाला, कुंड्यांतल्या फुलांचा. सोळाच जण.
त्यात जिरॅनियमची चौकशी व्हायची. आणि एक खूण होती:
खाली अनोळखी गाडी दिसली, तर लिहायचं,
लिफ्ट बंद आहे.

काल संध्याकाळी ते आलं.
सोळा घरांनी दिवे मालवले.
मी पलंगाखाली हात घालून
फोन कुठे लपवावा हे चाचपत बसले.
तासाभरानं जिन्यात पावलं.
सावकाश, प्रत्येक मजल्यावर थांबत.
दार वाजलं.

यादविगाबाई. एका हातात काठी, दुसरा छातीवर,
सात मजले चढून आलेल्या.
"अगं, घाबरू नका," त्या धापा टाकत म्हणाल्या,
"खरंच बंद आहे."

आणि वर निघाल्या. अजून दोन मजले.
मी चप्पल अडकवली, त्यांचा हात धरला.
तक्रार केली का कुणी? मी विचारलं.
त्या थांबल्या. हसल्या.
या वेळी, म्हणाल्या, आपण दोघी करू.