अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

सहावीच्या पेपरात सात वाक्प्रचार होते.
चौथा : स्वतःची टिमकी वाजवणे.
एकोणीस पोरांनी लिहिलं, बढाई मारणे,
आणि वाक्यात गाइडमधला तोच राजू,
एकदा पहिला आला म्हणून
वर्षानुवर्षं टिमकी वाजवणारा.

मनाली भुवडने अर्थाची जागा कोरी सोडली.
वाक्य मात्र खाडाखोड न करता :
"माझे आजोबा स्वतःची टिमकी वाजवतात,
कोणाची मागून आणत नाहीत."

मी अर्धी फुली मारली.
मग तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा होईपर्यंत
लाल पेन तिथेच टेकून राहिलं.

मी घाटावरचा. माझी टिमकी पुस्तकातली,
कधी न पाहिलेली.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली त्या रात्री
होमाच्या निखाऱ्यांशी धाकू भुवड उकिडवा बसला होता.
मातीचं एवढंसं भांडं, वर ताणलेलं कातडं.
शेकायचा, कानाशी न्यायचा,
टिचकी मारून पुन्हा निखाऱ्यावर धरायचा,
चेहरा असा की घरात कुणाला ताप आहे.
"गार झाली का बोलत नाय वो गुरुजी,
नि जास्त तापवली तं फाटते."

मग ढोल सुरू झाला.
ढोलाच्या दोन ठोक्यांत जी फट राहते
तेवढीच जागा टिमकीची.
ती तिथे पळत होती, बारीक, न चुकता,
आणि सगळे बघत होते पालखीकडे.

इतक्यात माइक आला. ढोल थांबवा, ढोल थांबवा.
अंधेरीहून आलेले दत्ताराम आग्रे
स्वतःच स्वतःची पावती वाचू लागले :
रंगकामाला अकरा हजार एक,
गेल्या वर्षीचे सात, तेही आमचेच,
आणि कमानीवरचं नाव वाचलंत का, मंडळी?
मंडळींनी वाचलं होतं. तरी त्यांनी वाचून दाखवलं.

धाकूने काठ्या काखेत धरल्या,
टिमकीवर उपरणं टाकलं,
गार होऊ नये म्हणून.
पंचवीस मिनिटं.

अर्ध्या फुलीची बरोबरची खूण कशी करतात
हे डीएडला शिकवलं नव्हतं.
गिरवून गिरवून केली. दोनपैकी दोन.

पेपर वाटले. मनालीने बोटांवर बेरीज केली,
पुन्हा केली, उठून टेबलाशी आली.
"गुरुजी," हळूच म्हणाली,
बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू,
"हे दोन चुकून जास्त दिलेत."