निरंक

तीनशे चौसष्ट दिवस ती डॉक्टर असते,
तीनशे पासष्टाव्या दिवशी
मी तिला खंड टाइप करतो.
तांत्रिक खंड. नियमातला शब्द आहे, माझा नव्हे.
नोकरी सलग झाली तर माणसं ती मागायला येतात.

थोरला दवाखाना, आस्थापना शाखा.
टेबलावर काच, काचेखाली जोतिबा,
जोतिबाशेजारी कोणी कुठे हात लावायचा त्याची यादी:
पोट कोणी उघडायचं, हाड कोणी बसवायचं,
भूल कोणी द्यायची.
खंडाच्या दिवशी नावावर लाल रेघ मारतो,
दुसऱ्या दिवशी तेच नाव काळ्यानं लिहितो.
बाकी माझ्या हातात काय नाही ओ.

डॉ. पद्मजा मगदूम, भूलतज्ज्ञ, कंत्राटी.
खंडाच्या दिवशीही येते.
घरात बसून करू काय, म्हणते.
कोट पिशवीत ठेवून
कॅन्टीनमध्ये कटवडा चिवडत राहते.

त्या दुपारी शिरोलीच्या फौंड्रीतलं पोरगं आणलं.
हात टॉवेलात, टॉवेलावर
कुठल्याशा पतसंस्थेचं नाव, अर्धंच वाचता येणारं.
कायम भूलतज्ज्ञ साक्षीला कसबा बावड्यात, कोर्टात.
उरला नरंदे, पहिल्या वर्षाचा,
ज्याला अजून लिफ्टमनही डॉक्टर म्हणत नाही.

ती माझ्या टेबलाशी आली.
"आज मी कोण आहे?"
मी नियम काढले. खरंच काढले, धूळ झटकून.
रुजू झालेल्यांना पान आहे, रजेवरच्यांना आहे,
निलंबितांना आहे, मयतांना तर दोन आहेत.
म्हटलं, मॅडम, तुम्ही आज भेटायला आलेल्या.
भेटायची वेळ चार ते सहा.

तीन वाजून दहा झाले होते.

रेबेका सिस्टरनं काय केलं मी पाहिलं नाही.
संध्याकाळी नातेवाइकांचा एक हिरवा पास कमी भरला, एवढं खरं.
ठेकेदार पोराला दारात सोडूनच गेलेला.
संमतीच्या कागदावर साक्षीदार: प. मगदूम.
रुग्णाशी नातं: कोरं.

आत ती उशाशी उभी होती म्हणतात,
हात पाठीमागे घट्ट धरून,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी.
"थोडं कमी. थांब.
नाव विचार त्याचं. आकडे मोजायला लाव."
पोरगं सातपर्यंत गेलं.
नरंदेच्या हाताची थरथर
पाचालाच थांबली होती.
तीन बोटं वाचली.

सकाळी रुजू अहवाल भरताना
खंड काळातील कामाच्या रकान्यावर
तिचं पेन अडलं.
मी म्हटलं, निरंक लिहा.
तिनं लिहिलं. अक्षर चांगलं आहे तिचं.

कॅलेंडर उलटून म्हटलं,
पुढचा खंड रविवारी येतोय, बरं झालं.
ती पिशवीतून कोट काढत होती.
"फौंड्रीची सुट्टी सोमवारी असती की ओ," म्हणाली,
आणि गेली वर.