साठ ग्रॅम

अक्कलकोट रोडची एमआयडीसी. मे महिना.
पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्री.
लूम चालू असले की माणसांचं बोलणं ओठांवर वाचावं लागतं.
तीस वर्षांत मी ते शिकलो,
कुठले ओठ वाचायचे नाहीत, तेही.

मी शिवशरण माळगे. येमूल टेक्स्टाइलचा हिशेबनीस.
आमचा टॉवेल कागदावर पाचशे ग्रॅम,
काट्यावरही पाचशे.
त्यातले साठ ग्रॅम कांजीचे.
पहिल्या धुण्यात उतरायची ती,
कुठल्याशा परक्या गावच्या गटारात,
आणि तिथून सोलापूरपर्यंत
कुणी परत येत नसतं.

बारा हजार नगांमागे सातशे वीस किलो सूत.
कुठल्याच टॉवेलात नव्हतं ते सूत,
पण मोठ्या मालकांच्या बंगल्याचा
वरचा मजला त्याच्यावर उभा होता.
आणि माझ्या पोराची दोन वर्षांची फी.
दिवाळीचं पाकीट मी कधी मोजून घेतलं नाही,
मोजणं हाच माझा धंदा असून.

मग श्रीलता आली खुर्चीवर.
पहिल्याच आठवड्यात एक टॉवेल घरी नेला,
पाच दिवसांनी आलेल्या नळाच्या पाण्यात
बादलीत स्वतः खळबळून काढला,
गच्चीवर वाळवला,
आणि आणून ठेवला माझ्या टेबलावरच्या काट्यावर.
चारशे चाळीस.
"माळगेकाका, साठ ग्रॅम कुठं गेले?"
मी पंख्याकडे बघितलं.

मोठे मालक काठी टेकत आले.
"एंदुकम्मा? सगळेच करतात."
"सगळ्यांच्या टॉवेलवर येमूल छापलेलं नसतं, नाना."
त्यावर ते तेलुगूत बराच वेळ बोलले.
मला सगळं कळलं. लिहीत नाही.

हॅम्बुर्गला तिनं खरं वजन कळवलं.
उत्तर दोन ओळींचं आलं,
निम्मी ऑर्डर रद्द.

सोमवारी फोल्डिंगच्या बायका गेटावरच थांबल्या.
अंबव्वा कोडमूर पदर खोचून पुढं झाली,
"बाई, खरं तुम्ही बोलला,
ओव्हरटाइम आमचा गेला.
आम्हाला कोण विचारलं होतं?"

श्रीलताला उत्तर सुचलं नाही.
उत्तर नसलेले मालक मी पुष्कळ पाहिलेत,
ते गाडीत बसतात, काच वर होते.
ही उभीच राहिली.
ऊन पायरी चढून तिच्या चपलांवर आलं तरी.
मग म्हणाली, "चुकलं. आधी विचारायला हवं होतं,"
आणि लूम बंद करायला लावले.

घडीच्या टेबलावर माझी वही उघडली गेली.
"वाचा, काका. मोठ्यानं."
सुताचे दर वाचले, बँकेचा हप्ता,
विजेचं बिल, वरच्या मजल्याचं कर्ज,
तिचा स्वतःचा पगार.
त्या शेडमध्ये माझा आवाज
भिंतीपर्यंत जातो, हे मला माहीत नव्हतं.
कांजीच्या ओळीला तो जरा अडकला.
तिनं सांभाळून घेतलं नाही,
थांबली फक्त.

पहिली काट मारली तिच्या पगारावर.
दुसरी कुठं, यावर दुपार झाली.
डबे उघडले, कडक भाकरी मोडली, शेंगाची चटणी फिरली.
अंबव्वा म्हणाली, "दिवस कमी करा.
पण सगळ्यांचेच. एकीला घरी बसवू नका."
तसंच ठरलं.
सगळे खूश झाले असं नाही,
दोघी जणी पुढच्या महिन्यात विड्या वळायला परत गेल्या.
त्यांचे हिशेब मी पै न् पै चुकते केले,
तरी सही घेताना मान खाली राहिली.

आता काटा गेटाजवळ असतो.
रोज सकाळी एक टॉवेल धुऊन, वाळवून, सगळ्यांसमोर.
सूत वाढवलंय. किंमतही.
ऑर्डरी येतात, थोड्या, सावकाश.
मोठे मालक अजून खाली उतरत नाहीत.

आज चारशे ब्याण्णव भरला.
अंबव्वा ओरडून सांगते आकडा,
मी चारशे ब्याण्णव लिहितो.
हात अजून
पाचशेकडे वळतो.