डेडस्टॉक

मालमत्ता विभागात माझ्या खुर्चीमागे
चाव्यांची फळी आहे, दोनशे चाळीस खिळ्यांची.
चाव्या तीनशे सहा.
मोटघरे बाबू निवृत्त होताना म्हणाले होते,
"खिळे मागू नको, मंजुरीला दोन वर्षं लागतात.
एकावर दोन लटकव."

तसंच चाललंय.
बाकावर तिघांच्या जागी पाच,
भूगोलाच्या वर्गात मधोमध प्लायवूड
आणि पलीकडून संख्याशास्त्र ऐकू येतं.
प्रवेश वाढले. इमारत वाढली नाही;
मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर नुसत्या सळया,
चौथ्या मजल्याची वाट पाहत गंजलेल्या.
त्यांच्यावर ओढण्या वाळतात.

मे महिन्यात वरून पत्र आलं:
सर्व कक्षांचे क्षेत्रफळ, चौरस फुटांत, आठ दिवसांत.
पारा शेहेचाळीसवर, कुलरचा वाळा कोरडा,
अंबाझरीकडून येणारा वारासुद्धा भट्टीतला.
मी, आणि टेप धरायला चंपत उईके,
पंधरा वर्षं रोजंदारीवर.
"साहेब, आपन खोल्या मोजून राहिलो,
पोरं कोन मोजून राहिलं?"
टेप ताठ धर बे, म्हटलं.

जुन्या रसायन इमारतीत, जिन्याखाली, कक्ष १९.
नोंद: डेडस्टॉक. मोडक्या खुर्च्या, नग ११२.
कडीला लटकलेलं कुलूप आमचं नव्हतं,
लहानसं, पितळी, पत्र्याच्या पेटीला लावतात तसलं.
चंपतनं दार ढकललं.
आतून आवाज आला, "थांबा जी."

एकशे बारा खुर्च्या, पायांत पाय अडकवून
छतापर्यंत इतक्या नीट रचलेल्या
की मला आमच्या विभागाची लाज वाटली.
उरलेल्या सहा बाय चारात चटई, माठ,
भिंतीवर खडूनं आवर्तसारणी.
वैजंती नैताम, एटापल्ली.
वसतिगृहाच्या यादीत प्रतीक्षा क्रमांक दोनशे तीन.
"रातच्याला मावशीकडे जातो जी."
चटईवर उशी होती.
आम्ही दोघांनीही उशी पाहिली नाही.

टेप मी सोडला जमिनीवर.
दुसरं टोक तिनं धरलं, न सांगता,
भिंतीला अगदी चिकटवून.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
डेडस्टॉक खोडायचा मला अधिकार नाही,
शेऱ्याला जागा बोटभर.
लिहिलं: वापरात.
क्षमतेच्या रकान्यात: १.

"त्या कुलपाची दुसरी चाबी जमा केली का?"
चंपतनं विचारलं.
म्हटलं, टांगू कुठं?