शेरा

नऊ ऑगस्टचा कार्यक्रम. सभागृह क्रमांक दोन.
मावंजी भोये, थाळकरी, तालुका सुरगाणा :
वेळ सात मिनिटं.
त्यांच्या आधी कुलगुरूंचं मनोगत,
त्यासमोर वेळ लिहिलेली नव्हती.

यादी मीच टाइप केली.
आदिवासी अध्ययन केंद्रात मी प्रकल्प सहायक,
अकरा महिन्यांच्या करारावर, तिसऱ्यांदा.
कोकणा आहे म्हटलं की लेखा विभागातल्या बाई
अजूनही म्हणतात, मग यंदा हापूस आणा की.
आमच्याकडे आंबे आहेत. हापूस नाहीत.
मी दर वर्षी हसते.
करार नवा व्हायचा असतो.

बाबा पहाटेच्या एसटीने सीबीएसला उतरले,
काशाची थाळी पोटाशी, जुन्या लुगड्यात बांधलेली.
कंडक्टरने विचारलं होतं म्हणे, मोडीत घालायची का?
मी पासबुकाची झेरॉक्स मागितली,
मानधन थेट खात्यात जमा होतं.
त्यांनी पिशवीतून आधी मेणाचा गोळा काढला,
मग त्याखालचं पासबुक.
पानांना मधाचा वास.
झेरॉक्सवाला म्हणाला, चिकटतंय.

तालमीला म्हणाले,
कणसरीची कथा आता नाही सांगता यायची.
आत्ता कुठं ती आवणीतून उठून उभी राहतेय.
नागली खळ्यावर येऊ दे.
आणि आखी रात लागं, पोरी.
सात मिनिटांत ती उंबऱ्यावर पाय पण नाही ठेवायची.

समन्वयक सर भले माणूस आहेत.
म्हणाले, संक्षिप्त रूप चालेल. सारांश.
हे बाबांना सांगायचं काम माझं.
सारांशाला आमच्या बोलीत शब्द
मला सापडला नाही,
किंवा मी शोधला नाही.

संध्याकाळी ते बसले.
थाळीच्या मध्यावर मेण, मेणात उभी काडी,
बोटं ओली करून वरून खाली, वरून खाली.
आवाज थाळीतून आला असं म्हणवत नाही.
तो आधीच तिथे होता, फरशीलगत,
पंख्यांच्या घरघरीखाली झोपलेला,
थाळीने त्याला फक्त उठवून बसवलं.
शब्द नाहीत. एकही नाही.
तिसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेने फोन पाहिले.
पाचव्याला मागच्या, वसतिगृहातल्या पोरी,
पेठच्या, हरसूलच्या,
कुजबुजायच्या थांबल्या. एकीने चप्पल काढली.
मग दुसरीने.
मी व्यासपीठाच्या कडेला, बूट घालून, हातात यादी.
सूत्रसंचालकाने माइक घेतला, टाळ्या झाल्या,
थाळी मात्र अजून थोडी उरली होती.

प्रमाणपत्रावर नाव : श्री. मानाजी भोई.
कुणीतरी दुरुस्त केलं होतं.
बाबांनी ते उलटं करून कोरी बाजू चाचपली,
म्हणाले, कागद जाड आहे, थाळीखाली होईल.

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाची नोंद.
प्रकार : थाळ. कालावधी : सात मिनिटं चार सेकंद.
संहिता :
तिथे सगळे लिहितात, उपलब्ध नाही.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
उभी आहे. शेतात.
संगणकाने चुकीचं स्वरूप म्हणून लाल केलं.
तसंच जतन केलं.

आता मार्गशीर्ष आलाय.
शेवगेपाड्यावरून निरोप : खळं सारवलंय.
रजेच्या अर्जात कारणाला तीनच पर्याय,
वैद्यकीय, शैक्षणिक, घरगुती.
शैक्षणिक म्हटलं की रेकॉर्डर न्यावा लागेल,
अहवाल, उपस्थितांच्या सह्या,
फोटो, त्यावर ठिकाण आणि वेळ उमटलेले.
मी घरगुतीवर खूण केली.
कालावधी : एक दिवस.
मग दिवस खोडून
रात्र लिहिलं.